काशीचे गव्हले अन् माझं कुसकुस

आख्ख्या हिंगोली-कळमनुरीच्या मुलखात कुसकुस रांधणारा मी एकटाच माणूस हाय. ते खाणारा दुसरा माणूस मात्र अजून सापडला न्हाई.

चैत्र लागला की मला ह्याची याद येते. आजबी आली. सकाळी ओसरीवर बसलो व्हतो, तर नदीपलीकडच्या मळ्यात कोणीतरी हळद शिजवायला घेतली. वारा इकडचा व्हता. शिजत्या हळदीचा वास म्हणजे ओल्या मातीला ताप आल्यासारखा असतो. नाकात एकदा शिरला की दुपारपर्यंत निघत न्हाई. त्याच्यामागून नव्या गव्हाच्या भुसाचा वास आला. मंग आतून आक्कानं गहू ओलवायला घेतल्याचा आवाज. हे तिन्ही एका सकाळी जमले की मी आपोआप सरळ बसतो, कोणी ‘लांगरी’ म्हणून हाक मारल्यासारखा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गिरजा. बाळापूरच्या शिवाराला लागून तिचं सासर. लढाई संपल्यावर मी दोन दिवस राहातो म्हणून तिच्या ओसरीवर बसलो, तो अजून उठलो न्हाई. दाजी, म्हणजे तिचा नवरा, सुरुवातीला इचारायचे, ‘सखाराम, जायचं कवा?’ आता इचारत न्हाईत. ओसरीच्या खांबाला कोणी इचारतं का?

मी पाटीला हात लावलेला न्हाई. अंगठा लावून फौजेत गेलो. तिथं साहेबानं इचारलं, काय येतं? मी म्हणलो, सगळं येतं. त्यानं बराबर ओळखलं अन् लांगरखान्यात, म्हणजे फौजेच्या सैपाकघरात, लांगरी म्हणून धाडलं. खेचरांची कंपनी व्हती. खेचरं माल वाहायची, गडी खेचरं हाकायचे, अन् मी सगळ्यांना रोट्या घालायचो. माझी रोटी गड्यांनी टाकली तर खेचरं खायची, खेचरांनी टाकली तर काय करायचं ते फौजेच्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. लढाईत माझ्यामुळं दुश्मनाचं काही बिघडलं न्हाई. आमच्या कंपनीचं पोट मात्र दोनदा बिघडलं.

गव्हले म्हणजे काय हे बायांना सांगायची गरज न्हाई अन् गड्यांना सांगून फायदा न्हाई. तरी सांगतो. नवा गहू ओलवायचा, दळायचा, वस्त्रातून चाळायचा. त्या पिठाचा दुधात घट्ट गोळा करायचा. गोळा डाव्या हातात धरायचा अन् उजव्या हाताच्या अंगठ्यानं अन् पहिल्या बोटानं चिमूट घेऊन फिरवायची. जिऱ्याएवढा दाणा सुपात पडतो. मंग दुसरा. मंग तिसरा. असं करत बाईचा आख्खा फाल्गुन जातो. ह्या सगळ्या वळायच्या कामाला वळवट म्हणतात. लग्नघरी हे मडक्यात भरून ठेवतात अन् लग्नात त्याची खीर होते. खीर खाताना गडी म्हणतो, ‘साखर कमी हाय.’ बस. आख्ख्या फाल्गुनाबद्दल तो एवढंच बोलतो.

मीबी असाच गडी व्हतो. गव्हले वळताना बाईकडं नीट बघितलं ते पहिल्यांदा समुद्राच्या पल्याड.

टुनीस म्हणून मुलूख हाय. आमची कंपनी एका गावाच्या कडंला उतरली व्हती. मातीची घरं, काटेरी नागफणीचं कुंपण, कुत्री आपल्यासारखीच भुंकणारी. मी पाणी बघायला गेलो तर एका अंगणात म्हातारी बसलेली. पाय पसरून. मांडीशी लाकडाची मोठी परात. परातीत जाडसर पीठ, त्याच्यावर पाण्याचा शिपका मारायची अन् तळहात गोल फिरवायची. हातातल्या बांगड्या वाजायच्या. पिठाचे बारीक बारीक दाणे व्हायचे. मी जागच्या जागी उभा राहिलो. पाय आक्काचे, पाठ आक्काची, मधीच केस मागं सारायची रीतबी आक्काची. तोंड तेवढं दुसऱ्याचं.

मी आपल्या बोलीत म्हणलो, ‘आजी, गव्हले वळून राहिल्या का? कोणाचं लगीन हाय?’

ती तिच्या बोलीत काहीतरी म्हणली. मला बराबर समजलं. निदान मला तसं वाटलं. ‘उजेडाच्या आड उभा राहू नको,’ असंबी म्हणली असंल.

मंग मी तिथं रोज जायचो. चहाची पत्ती न्यायचो अन् बसायचो. तिची रीत अशी: खाली एका भांड्यात कालवण, लाल टमाट्याचं. त्यात हरभरे, वाळवलेले जर्दाळू, मनुका. त्या भांड्यावर दुसरं भोकाचं मडकं, त्यात ते दाणे. दोन्हीच्या सांध्याला ओल्या पिठाची पट्टी, वाफ पळू नये म्हणून. कालवणाच्या वाफंवर दाणे शिजायचे. मंग ते परातीत ओतायचे, वरून कालवण, त्याच्यावर पुदिना अन् कोथिंबिरीसारखा एक पाला, ओंजळभर. तोंडात घातलं की आधी आंबट, मंग जर्दाळू गोड, मंग पुदिना थंड. ह्याला ते कुसकुस म्हणायचे. मी पहिला घास घेतला अन् डोळ्यात पाणी आलं. कंपनीतल्या गड्यांना सांगितलं की कांद्यामुळं. त्या कालवणात कांदा नव्हता, पण ते कोणाला माहीत?

गावाकडं आल्यावर मी हे सगळं सांगायला लागलो. मोटंवर सांगितलं, बाजारात सांगितलं, न्हाव्याला दाढी करता करता सांगितलं, तर त्यानं गाल कापला. दाजी म्हणले, ‘लोकं समुद्रापल्याड जाऊन तलवारी घेऊन येतात. तू बायकांचं काम बघून आला.’

आक्काची काशी तव्हा लग्नाला आलेली. काशी म्हणजे माझी भाची. पोरगी कामाला वाघ, बोलायला कमी. पण ल्हानपणी ज्वारी काढताना तिच्या उजव्या हाताला विळा लागला व्हता. जखम भरली. करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट मात्र आत वळून बसलं ते कायमचं. तेवढ्यावरून दोन ठिकाणची बोलणी मोडली. एका ठिकाणी तर चहा घेऊन, पान खाऊन, उठताना म्हणले, ‘पोरगी चांगली हाय, पण हात अधू हाय.’ तव्हापासून काशीला सवय लागली. माणसं आली की उजवा हात पदराखाली. पाणीबी डाव्या हातानं द्यायची, अन् डाव्या हातानं पाणी दिलं म्हणून पुन्हा बोलणी खायची.

मंग कुरुंद्याहून निरोप आला. तिथं भागाबाई म्हणून, हळदीचा मोठा मळा असलेली. पोराची आई. निरोप सरळ व्हता: ‘हाताचं कानावर आलंय. मला पोरीचं तोंड बघायचं न्हाई. तिनं एकटीनं वळलेले गव्हले बघीन, मंग हो का न्हाई ते सांगीन.’

आक्कानं हा निरोप ऐकून दिव्यात वात घातली. दुसऱ्या दिवशी काशीनं गहू ओलवला.

त्या फाल्गुनातल्या दुपारी मला आता लई साफ दिसतात. आक्काच्या घरामागं चिंच हाय. तिच्या सावलीत काशी बसायची, सावली सरकली की सूप घेऊन तीबी सरकायची. दुपारपर्यंत ती झाडाच्या एका अंगाला असायची अन् दिवस मावळताना दुसऱ्या. गोळा डाव्या हातात. उजव्या हाताची दोन बोटं आपली मिटून बसलेली, अन् अंगठा अन् पहिलं बोट असे चालायचे, जसा नदीच्या उथळ पाण्यात मासा चालतो. दाणे पडायचा आवाज नव्हता. वाळलेले दाणे मडक्यात ओतताना मात्र यायचा, चाळलेली रेती घसरल्यासारखा. मला तो आवाज लई आवडायचा. मी मुद्दाम त्या येळेला पाणी प्यायला जायचो.

एकदा मी तिच्यापुढं उभा राहून टुनीसच्या म्हातारीचं सांगून राहिलो व्हतो. मधीच ती म्हणली, ‘मामा.’

‘काय गं?’

‘तुमची सावली सुपात पडून राहिली. दाणा दिसंना.’

मी बाजूला सरकलो. तेवढंच आमचं त्या दिवशीचं बोलणं.

सुपात वाकून बघितलं तर सगळे दाणे एका मापाचे. मला म्हणायचं व्हतं की काशे, तू त्या म्हातारीहून बारीक वळती. म्हणलो न्हाई. आमच्या घरात चांगलं म्हणायची रीतच न्हाई. चांगलं वाटलं तर आमी उचलून खातो.

पाव्हणे यायचं ठरलं अन् माझं डोकं फिरलं. आक्का म्हणली, ‘पुरणपोळी करते.’ मी म्हणलो, पुरणपोळी कोणीबी करतं. कुरुंद्याच्या बाईनं आयुष्यभर याद ठेवावी असं काही पाहिजे. माझ्या हातचं कुसकुस होऊ दे.

आक्का म्हणली, ‘कर बाबा, पण माझ्या चुलीपासून लांब कर. अन् गव्हले लागले तर त्या मोठ्या मडक्यातले घे, शेजारणींनी वळलेले. ल्हान मडक्याला हात लावू नको. ते काशीचे.’

हे तिनं इतकं साफ सांगितलं व्हतं.

टमाटे मी बाळापूरच्या बाजारातून आणले. तव्हा आमच्याकडं टमाटे कोणी खात नव्हतं. विलायती वांगं म्हणायचे अन् लांबून बघायचे. एक म्हातारा बागवान टोपली घेऊन बसलेला. मी टोपलीपुढं बसलो तर त्यालाच नवल वाटलं.

‘ले जाओ मामू,’ म्हणला, ‘तालुकदार साब के बंगले पे जाता था ये माल. साब की बदली हो गई. अब कौन खाता?’

‘मी खाणार,’ म्हणलो.

त्यानं मला वरून खाली बघितलं. ‘बीमार तो नै ना?’

सगळी टोपली माझ्या धोतरात ओतून तो लगेच उठला, मी परत करंन की काय म्हणून.

पुदिना मोटंच्या पाटाकडंला व्हता. कोथिंबीर परसात. हरभरे भिजवले. जर्दाळू तर आमच्याकडं नुसतं नावच. त्याच्या जागी आक्कानं लग्नासाठी आणून ठेवलेली खारीक घेतली, भिजवून बारीक चिरली. मनुका देवाच्या डब्यातल्या. देवाला सांगून घेतल्या. तो काही बोलला न्हाई, म्हणजे चालतं.

आक्कानं टमाटे चिरताना बघितलं अन् पदर तोंडाला लावला. ‘हे काय रे रगतासारखं? सोयरिकीच्या दिवशी?’

म्हणून मंग मी गोठ्याकडंला तीन दगडं मांडली. म्हैस एका अंगाला, मी एका अंगाला. तेल तापलं, जिरं तडतडलं, टमाटे पडले. हळद, मीठ, एक सुकी मिरची. रस सुटायला लागला तसा असा वास सुटला की मला वाटलं, आता टुनीसची म्हातारी गोठ्यातून बाहेर येते. खारीक फुगली. हरभरे वर-खाली नाचायला लागले. पातेल्यावर पितळी चाळणी बसवली, सांध्याला कणकेची पट्टी लावली, हुबेहूब तिकडच्यासारखी. आता फक्त दाणे पाहिजे व्हते.

मोठं मडकं उघडलं. शेजारणींचे गव्हले. काही ज्वारीएवढे, काही तुरीएवढे, काहीत तर अंगठ्याचा ठसा उमटलेला. ह्याचं कुसकुस? म्हातारीनं बघितलं असतं तर परात फेकून मारली असती.

मंग ल्हान मडकं उघडलं.

बघायलाच उघडलं व्हतं. मूठभर घेतले. हातातून घसरले तर तो रेतीचा आवाज. मूठभर चाळणीत टाकले. लई थोडे दिसले. आणखी ओंजळभर टाकले. चाळणी अर्धीच भरली. अर्धी चाळणी पाव्हण्यांपुढं न्यायची लाज वाटली. मनात म्हणलो, एकदा कुसकुस तोंडात गेल्यावर मडकं बघायची याद कोणाला राहाणार? अन् मडकं उपडं केलं. बुडाला हातानं थापट्याबी मारल्या, दाणा चिकटून राहू नये म्हणून.

तेवढं काम मात्र मी आयुष्यात नीट केलं.

वाफ आली. चिमूट तेल घेऊन दाण्यांतून हात फिरवला. दाणे फुगले, पांढरे झाले, अन् एकाला एक चिकटला न्हाई. मी लांगरी झाल्यापासून असं काही माझ्या हातून झालं नव्हतं. अर्धे चाळणीतच राहू दिले, अर्ध्यांची परातीत रास केली, वरून कालवण ओतलं, पुदिना अन् कोथिंबीर टाकली. लाल, पांढरं, हिरवं. परात घेऊन मी जरा लांब गेलो अन् लांबून बघितलं. म्हैसबी बघत व्हती.

तेवढ्यात गाडी आली. भागाबाई उतरल्या. उंच बाई, आवाज मोटंच्या करकरत्या चाकासारखा. तळहात पिवळे, हळदीनं, साताठ वर्षं धुऊनबी जाणार न्हाईत असे. नवरा आला नव्हता. हळदीची कढई चुलीवर व्हती, ती सोडून त्याला हलता येत नव्हतं. संगं दीर व्हता. तो सगळ्याला ‘बराबर’ म्हणायचा. दाजी म्हणले, ‘ऊन लई हाय.’ तो म्हणला, ‘बराबर.’ दाजी म्हणले, ‘तरी वारं हाय.’ तो म्हणला, ‘बराबर.’

भागाबाईंनी पाणी पिलं अन् तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणल्या, ‘गव्हले आणा.’

आक्का आत गेली. मला गोठ्यापाशी मडक्याचं झाकण काढल्याचा आवाज आला. मंग आक्का मागच्या दारातून बाहेर आली, मडकं हातात उपडं धरून.

‘सख्या, हे रिकामं काहून हाय?’

मी चाळणीकडं अन् परातीकडं बोट दाखवलं. ‘सगळे इथंच हाईत की आक्का. एक दाणा वाया गेला न्हाई.’

आक्का खाली बसली. मडकं मांडीवर घेऊन बसली, लेकरू घेतल्यासारखी. तिच्यामागून काशी आली. तिनं मडकं बघितलं, परातीतलं लाल बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्या हाईत, त्यातल्या काही चवीला बऱ्या व्हत्या. पण काशीनं तव्हा काहीच दिलं न्हाई. उजवा हात पदराखाली गेला तेवढा दिसला.

काहीतरी करायचं म्हणून मी पातेलं उचललं, चाळणीतल्यावरबी कालवण ओतावं म्हणून.

‘मामा,’ काशी म्हणली, ‘ते ठेवा.’

मी ठेवलं.

तिनं पदर खोचला अन् चाळणी उचलली. चाळणी पितळी, जड अन् कढत. एका हातानं उचलायची न्हाई. दोन्ही हात लागले. ती आखडलेली बोटं उघड्यावर, चाळणीच्या काठावर. तशीच ती ओसरीवर गेली अन् भागाबाईंपुढं चाळणी ठेवली. वाफ निघून राहिली व्हती.

‘हे काय?’ भागाबाई म्हणल्या.

‘गव्हले.’

‘हे तर शिजलेले.’

‘व्हय. मामानं वाफवले. मडक्यातले सगळे. वाळलेला दाणा घरात न्हाई.’

मी परात घेऊन मागून पोचलो. म्हणलं आपण आता बोलावं. ‘पाव्हणीणबाई, ह्याला कुसकुस म्हणतात. टुनीसमधी...’

‘जरा थांबा हो,’ त्या माझ्याकडं न बघता म्हणल्या. मी थांबलो. परात हातात तशीच.

त्यांनी चिमूटभर दाणे घेतले, पिवळ्या तळहातावर पसरले, फुंकर मारली. पिवळ्यावर पांढरे दाणे मला आजबी दिसतात. नखानं एकेक सारून बघितला. दाजींनी चिलीम भरली व्हती, ती पेटवायचं विसरले.

‘वाळलेले सगळेच दावतात,’ भागाबाई म्हणल्या, ‘अन् वाळल्यावर सगळ्यांचेच बरे दिसतात. फुगल्यावर जाड-बारीक लपत न्हाई.’ मंग काशीकडं बघून, ‘पण तुझेच कशावरून? शेजारणींनी वळून दिले असतील. माझ्यापुढं वळून दाव.’

आता पीठ कुठं हाय? आक्काच्या तोंडाचं पाणी पळालं. दूध, मैदा, गोळा, सगळ्याला दोन घटका पाहिजेत. तव्हा काशी उठली, गोठ्यात गेली अन् चाळणीच्या सांध्याला लावून उरलेली माझी कणीक घेऊन आली. दगडाजवळ पडलेली, एका अंगानं राख लागलेली. राखंचा पापुद्रा काढून टाकला, सुपापुढं बसली अन् वळायला लागली. जाडी भरडी कणीक. तरी अंगठा अन् बोट मासा चालल्यासारखे चालले. दाणे पडले. एका मापाचे.

भागाबाई सुपाकडं बघत नव्हत्या. हाताकडं बघत व्हत्या.

‘ही दोन बोटं काय करतात?’

काशी म्हणली, ‘काही न्हाई. नुसती बसून राहातात.’

‘बसू दे,’ भागाबाई म्हणल्या. ‘नुसते बसणारे आमच्या घरातबी हाईत.’

‘बराबर,’ दीर म्हणला.

मंग त्यांनी कमरेच्या पिशवीतून हळकुंड काढलं अन् काशीच्या उजव्या हातात दिलं. डाव्या न्हाई. मुद्दाम उजव्या. त्या मिटलेल्या दोन बोटांनी हळकुंड असं धरलं की जणू त्याच्यासाठीच ती इतकी वर्षं वाकून बसली व्हती. असं मला वाटलं. पुढं एकदा काशीला तसं म्हणलो, तर ती म्हणली, ‘न्हाई मामा, बोचत व्हतं.’

आक्का आत जाऊन रडली. दाजींनी चिलीम पेटवली. पुरणपोळीवर सगळे बसले. माझी परात मी मधोमध ठेवली व्हती. दिरानं तिच्याकडं बघितलं अन् आयुष्यात पहिल्यांदा ‘बराबर’ म्हणला न्हाई. भागाबाईंनी शिष्टाचार म्हणून एक खारकंचा तुकडा उचलला, पुसला अन् खाल्ला. लग्नात खीर शेजारणींच्या गव्हल्याची झाली. ज्वारीएवढे, तुरीएवढे दाणे. गडी म्हणले, साखर कमी हाय.

दुसऱ्या दिवशी परात घासून पालथी ठेवलेली दिसली. कोणी खाल्लं ते मी इचारलं न्हाई. मनात एक आशा जपून ठेवली. कोणीतरी बुजरं माणूस असंल, म्हणलं. अंधारात येऊन चाखलं असंल, मंग बसून सगळं संपवलं असंल, अन् सांगायला लाजत असंल. पुढं बाजारात कोणी माझ्याकडं बघून हसलं की वाटायचं, हाच तो.

कधीकधी मला त्या म्हातारीचं नवल वाटतं. ती हाय का न्हाई कोण जाणे. लढाई तिच्या दारावरून गेली, मीबी तिच्या दारावरूनच गेलो, अन् आमी दोघांनी तिचं काही बरं केलं न्हाई. पण नवा गहू आला की ती परात घेऊन बसलीच असंल. पाय पसरून. इकडं काशी बसते, तिकडं ती. मधी एवढा समुद्र, अन् दोघींना एकमेकीचा पत्ता न्हाई. दोघींच्या दाण्यांवर सावली पाडणारा माणूस तेवढा एकच.

काशी दर चैत्राला माहेरी येते. आता तिचेबी तळहात पिवळे झालेत. सासूनं हळदीचा कारभार तिच्या हातात दिलाय. आज दुपारी ती चिंचंखाली बसली, संगं चार शेजारणी, सगळ्यांच्या पुढं सुपं. नंदंच्या लग्नाचं वळवट हाय. मला राहावंना. सावली पडू नये असा बेतानं उभा राहिलो अन् म्हणलो, ‘बायांनो, तुमाला माहीत न्हाई. ह्या काशीचं लगीन माझ्या कुसकुसामुळं जमलं.’

बाया हसल्या. काशीनं मान वर केली न्हाई. एक दाणा पाडला, दुसरा पाडला, अन् म्हणली:

‘लगीन जमलं ते ज्याच्यावर तुमाला कालवण ओतू दिलं न्हाई, त्या अर्ध्या चाळणीमुळं. ज्याच्यावर ओतलं व्हतं ते आईनं म्हशीपुढं ठेवलं, तर म्हशीनं एकदा हुंगलं अन् रातभर गव्हाणीकडं पाठ करून उभी राहिली.’